गालाच्या हाडाची सावली

माझा राग लवकर जात नाही. घरात सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे त्याची थट्टा करतात. "हिने एकदा डूख धरला की संपलं," असं आई पाहुण्यांना हसत हसत सांगते. जणू मी अजून फ्रॉकात आहे आणि कुणीतरी माझी बाहुली पळवली आहे. दादाने बाहुली पळवली नव्हती. त्याने माझ्या दाढेत मोडकी सुई ठेवली होती, आणि दुखतंय म्हटलं की वर्षभर सांगत होता, ते सगळं तुझ्या मनात आहे.

दवाखाना वडिलांचा. ते गेल्यावर तो आम्हा दोघांचा झाला, म्हणजे दादाचा झाला. दादा दातांच्या मुळांवर उपचार करतो. मी तोंडाचे एक्स-रे काढते आणि ते वाचते. दोघंही शिकलेले, दोघांचीही प्रमाणपत्रं एकाच भिंतीवर. पण दारावरच्या पाटीवर त्याचं नाव ठळक आणि माझं खाली, दवाखान्याच्या वेळांच्याही खाली. नवीन पेशंट मला "एक्स-रेवाल्या बाई" म्हणतात आणि दादा त्यांना कधी दुरुस्त करत नाही.

माझी उजवीकडची वरची मोठी दाढ किडली, तेव्हा मी दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला, असं आईच म्हणाली. दादाने दाढ उघडली, मुळं साफ करायला घेतली. कामाच्या मध्येच त्याचा हात थांबला. फार नाही, एखादा श्वास रोखावा तेवढाच. मी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं तर मास्कच्या वर त्याचे डोळे नुसते दाढेवर खिळलेले. मग तो म्हणाला, "झालं, झालं, होत आलं," आणि घाईघाईने भरून टाकलं.

मुळं साफ करायच्या सुया केसाएवढ्या बारीक असतात. वाकड्या मुळात फिरवताना त्या मोडू शकतात. कुणाच्याही हातून मोडतात, माझ्याही हातून मोडली असती. अशा वेळी पेशंटला सांगायचं असतं, एवढंच. "बाई, सुईचं टोक आत राहिलंय, आपण ते काढायचा प्रयत्न करू, नाहीतर लक्ष ठेवू." दोन वाक्यं. सख्ख्या बहिणीसाठी दादाच्या तोंडून ती निघाली नाहीत.

भूल उतरली तेव्हापासून ती दाढ ठणकायला लागली ती थांबेचना. दादाने एक्स-रे काढला, पडद्यावर दाखवला. "बघ, किती सुंदर भरलंय."

वरच्या मागच्या दाढांचा फोटो म्हणजे आमच्या धंद्यातली डोकेदुखी. दाढेला तीन मुळं, फोटोत ती एकमेकांवर येतात. वरून गालाचं हाड. त्याची पांढरी सावली नेमकी मुळांच्या टोकांवर बसते, खिडकीवर छज्जा असावा तशी. सावली टाळावी म्हणून यंत्राची नळी खाली केली तर दाढ लांबुळकी दिसते, वर केली तर आखूड दिसते आणि सावली आणखी खाली उतरते. बरेच डॉक्टर तेवढ्यावरच भागवतात. दादाने नळी वरून आणि अगदी समोरून लावली होती. तीन मुळं एकावर एक, त्यांवर हाडाची सावली, आणि त्या पांढऱ्यात पांढरं काय लपलंय ते देवालाही दिसलं नसतं. मी तेव्हा एवढंच म्हणाले, "टोकं दिसत नाहीत रे." तो म्हणाला, "तुला नको तिथे काहीतरी शोधायची सवयच आहे."

मग सुरू झालं. दुखतंय म्हटलं की दादा आईकडे बघायचा आणि आई माझ्याकडे. "दातात काही नाहीये तिच्या," तो आईला स्वयंपाकघरात सांगत होता, दार उघडं ठेवून. "एकटी असते, विचार करत बसते." वहिनीने तर मला एका मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला, तोही अगदी प्रेमाने, हात हातात घेऊन. जेवताना मी डाव्या बाजूने चावायचे आणि आई म्हणायची, "आता नाटकं पुरे." ते "नाटकं" मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

चिडलेल्या माणसाला काम चांगलं सुचतं, निदान मला तरी. दवाखान्यात शिकवायला ठेवलेली खरी कवटी होती. तिच्या दाढांचे मी फोटो काढत सुटले. गालाचं हाड हलवता येत नाही हे उघड आहे, पण बाकी सगळं हलवता येतं. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी तोंडात ठेवायची पट्टी, दाताला चिकटवायचा नाही. तो टाळूच्या मध्यावर न्यायचा, जिथे टाळू उंच असते, म्हणजे तो दाढेला समांतर उभा राहतो. सेन्सर धरणारा होल्डर आणि खालचे दात यांच्यामध्ये कापसाची गुंडाळी द्यायची, म्हणजे पेशंट न दुखता घट्ट चावतो आणि सेन्सर ढळत नाही. नळी खाली आणायची. दाढ लांबुळकी होत नाही, कारण सेन्सर समांतर आहे, आणि हाडाची सावली वर सरकते. शेवटी नळी जराशी मागच्या बाजूने वळवायची, म्हणजे एकमेकांच्या आड दडलेली मुळं सुटी होतात. ज्यांना उमासे येतात त्यांच्या जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ आणि नाकाने श्वास. यातली एकही गोष्ट जगावेगळी नाही. पण वरच्या दाढेसाठी ती नेमकी कुठे, किती, कशानंतर काय, हे बसवायला मला बरेच महिने लागले.

जमलं तेव्हा मी स्वतः खुर्चीत बसले आणि मदतनीस मुलीला बटण दाबायला लावलं. पडद्यावर माझी दाढ आली. तिन्ही मुळं वेगळी. सावली वर, टोकांच्या पार पलीकडे. आणि पुढच्या मुळात, भरलेल्या मसाल्याच्याही पुढे, एक झगझगीत पांढरा कण. मसाल्याची कड गुळगुळीत असते. याला पीळ होता, बारीकशा स्क्रूसारखा. त्याच्या टोकाभोवती हाड खाऊन काळं वर्तुळ झालं होतं.

मी रडले नाही. मला आनंद झाला. मी वेडी नव्हते.

तरीही दादाला मी एक संधी दिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणाले की मी संधीच दिली नाही. त्याच्या खोलीत जाऊन विचारलं, "दादा, त्या दाढेत काही राहिलंबिहिलं तर नाही ना?" त्याने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाला, "चिमे, वेडी आहेस का तू?"

शहाण्या बाईने दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन सुई काढून घेतली असती. मी गोळ्या घेतल्या आणि दाढ तशीच ठेवली. दाढ गेली असती तर सुई गेली असती, आणि सुई गेली असती तर दादा सुटला असता.

इतर पेशंटांचे माझे फोटो मात्र त्याच्या नजरेत भरले. "हे कसं काढतेस गं?" त्याने विचारलं. मी सगळं शिकवलं, होल्डर त्याच्या हातात देऊन. तो हुशार आहे, लगेच शिकला. आणि पुढच्याच सभेत, गावातले सगळे दंतवैद्य जमतात तिथे, त्याने ते सगळं "माझी पद्धत" म्हणून मांडलं. लोकांनी तिला त्याच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली. शेवटी आभार मानताना तो म्हणाला, "आणि आमच्या घरच्या मंडळींचे, ज्यांनी सांभाळून घेतलं." मी घरची मंडळी. मागच्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवताच माझं ठरलं.

आम्हा दोघांच्या शिक्षिका, मोठ्या बाई, त्या सभेच्या अध्यक्षा. त्यांना नुसतं ऐकून समाधान होत नाही. त्या म्हणाल्या, "आम्हाला खऱ्या पेशंटवर करून दाखवा." दादाने छाती फुगवून आमच्याच दवाखान्यात प्रात्यक्षिक ठेवलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, मोठा पडदा लावला. एक्स-रेच्या खोलीत कॅमेरा, दादाच्या कॉलरला माइक. बटण खोलीबाहेर, काचेच्या खिडकीपाशी. आई नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. वहिनी चहाची व्यवस्था बघत होती. पेशंट म्हणून दादाने एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना सांगून ठेवलं होतं, भलंमोठं तोंड आणि उमासा नावाला नाही.

त्यांना मी सकाळीच फोन केला. "काका, आज येऊ नका, कार्यक्रम पुढे गेलाय."

लोक जमले, चहा झाला, काकांचा पत्ता नाही. दादा घामाघूम. तेव्हा मी उठले आणि अगदी गरीब गायीसारखी म्हणाले, "मी बसते की."

"बस ना गं," आई म्हणाली. "घरचंच तर आहे."

लोक हसले. दादाही हसला. मी आत जाऊन खुर्चीत बसले, शिशाचा एप्रन अंगावर घेतला. दादा माझ्या डाव्या बाजूला वळला तशी मी माइकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, उजवीकडची कर. तीच दुखते. भरलेलीही आहे."

त्याचं हसू तिथेच गोठलं.

"चालेल की," बाहेरून मोठ्या बाईंचा आवाज आला. "भरलेली दाढ तर उत्तमच. टोकं दिसतात की नाही तेच बघायचंय."

आता गंमत बघा. पद्धत त्याला येत होती, मीच शिकवली होती. नीट केली तर सुई दिसणार. नीट नाही केली तर ज्या पद्धतीवर तो मिरवत होता ती सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार. मी तोंड उघडलं आणि वाट बघत राहिले.

त्याने सेन्सर टाळूवर न नेता दाढेला दाबून चिकटवला. नळी वर उचलली. कापूस विसरला. विसरला कसला! हातातली गुंडाळी त्याने खिशात घातली, मी पाहिलं. बाहेर जाऊन बटण दाबलं. पडद्यावर आखूड, जाडजूड दाढ आणि तिच्यावर हाडाची पांढरी सावली.

बाहेर कुजबुज झाली. "अहो, सेन्सर टाळूच्या मध्यावर न्यायचा असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" बाईंनी विचारलं.

"पेशंटचा जबडा जरा लहान आहे," दादा म्हणाला.

"जीभ मात्र मोठी असेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. माझं तोंड सेन्सरने भरलेलं होतं, तरी मीही हसले. इतकं मनापासून मी वर्षभरात हसले नव्हते.

दुसऱ्यांदा त्याने नळी आणखी वर घेतली. फोटो आला तो पहिल्यापेक्षाही वाईट. आता कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असणार. "डॉक्टर, हे तर आम्ही सगळे पहिल्यापासून करतोच की," बाई म्हणाल्या. "यात तुमचं काय? आता एकच घ्या, उगाच किरणं नकोत."

दादा माझ्याजवळ आला. त्याने माइक बंद केला आणि सेन्सर लावतोय असं दाखवत वाकला. "तुला माहीत आहे," तो पुटपुटला.

मी मान डोलावली.

"सगळ्यांसमोर करणार हे? वडिलांचा दवाखाना आहे, चिमे. आई बसलीय बाहेर."

मी सेन्सर तोंडातून काढला. "स्वयंपाकघरात आईला सांगताना वडील आठवले नव्हते?"

"हे बघ," तो म्हणाला, "मी आत्ता सांगतो सगळ्यांना. पद्धत तुझी आहे म्हणून. पाटीवर नाव मोठं करतो, काय हवं ते करतो. फक्त ही दाढ नको. डावीकडची घेऊ. हं?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस लहानपणी माझा हात धरून मला शाळेत नेऊन सोडायचा. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

"सांग मग," मी म्हणाले.

त्याने माइक सुरू केला. चांगलं बोलला, बोलण्यात तो कुणाला हार जाणार नाही. "मंडळी, एक गोष्ट आज सांगायलाच हवी. ही पद्धत माझी नाही. ही सगळी माझ्या बहिणीची मेहनत आहे. मी फक्त ती तुमच्यापुढे आणली. म्हणून माझ्या हातून जमत नाहीये. आता तीच दाखवेल." टाळ्या पडल्या. काचेतून मला आई दिसली, ती पदराने डोळे टिपत होती. केवढा मोठ्या मनाचा माझा मुलगा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

जे माझं होतं ते मला मिळालं, तेही भीतीपोटी का होईना. दुसरी कुणी असती तर तिने तिथे थांबून डावी दाढ पुढे केली असती. पण मी काही कबूल केलं नव्हतं. मी फक्त "सांग मग" म्हणाले होते.

मी त्याच्या कॉलरचा माइक काढून माझ्या कॉलरला लावला. "उजवी दाढ," मी म्हणाले. दादा बाहेर बटणापाशी गेला. मोठ्या बाई उठून खिडकीपाशी, त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात आरसा धरून मी एकेक गोष्ट बोलत करत गेले. होल्डर टाळूच्या मध्यावर. कापूस खाली. नळी खाली, मग जराशी मागून. सगळं बोलून झाल्यावर मी होल्डर चावला आणि काचेपलीकडे दादाला खूण केली.

बटण त्याच्याच हाताशी होतं. बाई शेजारी उभ्या होत्या, सगळे बघत होते. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी पापणीही हलवली नाही. त्याने दाबलं.

फोटो आला तसा बाहेरच्या खोलीतून "वा!" असा आवाज उठला. खरोखरच सुंदर फोटो होता. तिन्ही मुळं सुटी, टोकं स्वच्छ, सावली कुठल्या कुठे. मग तो "वा" विरत गेला. तिथे बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यभर दाढाच पाहिल्या होत्या, कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. बाई पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर केला.

"सुई मोडलीय की हो," त्या म्हणाल्या. "आणि हाड बघा केवढं खाल्लंय. किती दिवस दुखत असेल हिला. कुणी केलं हे काम?"

मी तोंडातला होल्डर काढला. एप्रन काढून खुंटीला टांगला. ते उत्तर द्यायचं काम माझं नव्हतं आणि मला कसलीच घाई नव्हती.

"मी," दादा म्हणाला. माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं.

"हिला सांगितलं होतंत?"

"नाही." वहिनी दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती, तिने तो तसाच परत आत नेला. बाईंनी दादाला आणखी काही विचारलं नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्याच माझ्याकडे ये. सुई निघते का बघू. दाढ वाचेल असं वचन देत नाही." एकेक जण उठले, जाताना माझ्याशी बोलले, दादाला वळसा घालून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दाढ त्या क्षणी भयंकर ठणकत होती आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. आई एकटी पुढच्या रांगेत बसून होती. पडदा अजून चालू होता, माझी दाढ तिच्या डोक्याएवढी दिसत होती. तिने मला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवत विचारलं, "ते पांढरं टोक, तेच का?"

"तेच."

तिने पडद्याकडे पाठ केली. मग तिचा आवाज चढला. "अगं, मग मला आधी दाखवायचंस ना! घरातल्या घरात मिटलं असतं. चारचौघांत भावाची अशी अब्रू काढायची?"

"आई, मी तुला वर्षभर सांगत होते."

"सांगत होतीस, पण असा फोटो कुठे होता तेव्हा?"

"नव्हता," मी म्हणाले. "तेव्हा नुसती मी होते."